आईच्या बेलची वायर

घरातली कुठलीही वस्तू मी अर्ध्या तासात दुरुस्त करतो. ती नंतर चालते की नाही, हा वेगळा प्रश्न! त्यामुळे आईसाठी बेल करायची ठरली तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "मेकॅनिक-बिकॅनिक कोणी नको. हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे!"

"मग उजवा हात तरी खिशात ठेवा," बायको म्हणाली.

बेल मात्र खरोखर गरजेची होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई मागच्या खोलीत पडून होती आणि हाक मारणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "तुम्ही आपले कामात असता, कशाला उगाच?" म्हणे! आदल्या दिवशी पाण्यासाठी एकटीच उठली, तोल गेला आणि दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचली. पुन्हा अशीच उठली आणि पडली तर? म्हणून बेत असा: आईच्या हाताशी बटण, स्वयंपाकघरात सेलवरची बेल आणि मध्ये वायर. संपलं!

घरात वायरिंगची उरलेली वायर होती. तिच्या पोटात एकच जाड तार. ही वायर म्हणजे रुसलेला जावई! मान वाकवायला तयार नाही. बटण उशीपाशी ठेवलं, की वायर ताठ व्हायची आणि बटण टुणकन खाली. शेवटी ते उडालं ते थेट आईच्या चहात.

"बाळा, हे बटण धरून ठेवायला एक माणूस लागेल," आई कप बाजूला ठेवत म्हणाली. "आणि माणूस असला तर बटण कशाला?"

मी तडक दुकान गाठलं.

"वाकणारी वायर द्या. आईसाठी हवीय."

"किती लांब?"

"पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत."

"कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? आमच्या!"

दुकानदाराने डोकं खाजवलं. "वाकणारी, पण मजबूत ना?"

मजबूत म्हटल्यावर मला नाही म्हणवत नाही. घरी येऊन सोडतो तर काय, पाण्याच्या पंपाची काळी केबल! वाकत होती, पण अजगरासारखी, स्वतःच्या मर्जीने. आईने तिचं टोक दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.

"यापेक्षा मीच उठून पाणी आणते," ती म्हणाली आणि खरंच पाय खाली सोडायला लागली.

"आई!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

तेव्हा मला माळ्यावरचं भंगाराचं खोकं आठवलं. माझ्या हातून न वाचलेल्या वस्तू तिथे विश्रांती घेतात. मी सहसा तिकडे फिरकत नाही. आपले पेशंट असे एकत्र बघवत नाहीत हो! पण त्या दिवशी हात घातला आणि सापडली! केसासारख्या बारीक तारांची, वेणीसारखी मऊ वायर. एका जुन्या अभ्र्यातून बाहेर डोकावत होती. अभ्र्यात काय आहे ते बघायला वेळ कुणाला? कचकन कापली आणि त्या ताठ वायरच्या टोकाला जोडली!

बटण आईच्या मुठीत शहाण्यासारखं बसलं. तिने दाबलं. ट्रिंग! बायकोने चक्क टाळ्या वाजवल्या. माझी कॉलर माझ्या कानापर्यंत गेली.

"आता संकोच करायचा नाही," मी आईला बजावलं. "काहीही लागलं तरी बेल!"

संध्याकाळी ट्रिंग! आम्ही दोघं धावलो.

"बाळा, गुडघा फार ठणकतोय रे. ती शेकायची विजेची गादी लावून देतोस?"

आईने आपणहून काहीतरी मागितलं! मला इतका आनंद झाला! "आत्ता लावतो! कुठे आहे?"

"माळ्यावर," बायको म्हणाली. "भंगाराच्या खोक्यात. अभ्र्यात गुंडाळून ठेवलीय."

मी हळूच विचारलं, "चांगली गादी भंगारात?"

"मग कुठे ठेवू? चालणारी वस्तू दिसली की तुम्ही सुधारायला घेता! भंगारात तेवढा तुम्ही हात घालत नाही!"

आईने हातातल्या वायरकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"म्हणजे मागायची सोय केलीस," ती म्हणाली, "आणि मागायची वस्तू कापलीस!"

आणि हसायला लागली. हसता हसता गुडघा दुखला तर "अगं आई गं" म्हणत आणखी हसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि फार बरंही वाटत होतं. मी तिच्या पायाशी बसलो, तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि गुडघ्यावर ठेवले. बटण मुठीत धरूनच तिला झोप लागली.

पुढे दुकानदाराने गादीला नवी वायर बसवून दिली. मला जवळ फिरकायचीही बंदी होती. पण रोज संध्याकाळी ट्रिंग होतंच.

"बाळा, या गादीचा शेक काही लागत नाही रे. तुझा हातच बरा."

"तुमचा हात लागलाय ना तिला, आता कसली तापतेय!" बायको सगळ्या नातेवाइकांना सांगते. मी मुकाट ऐकून घेतो.

काल आई डुलकी घेत होती तेव्हा मी हळूच गादीवर तळहात ठेवून पाहिला. चांगला चटका बसला! पण हे आमच्या घरी बोलू नका. एक तरी वस्तू माझ्या हातून बिघडलेलीच राहू दे!