आप्पांची नळी ठरेना

निवडणूक लागली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. उदगीरचे गुरलिंगप्पा दर निवडणुकीला धुतलेलं धोतर नेसून त्या रांगेत सगळ्यांच्या आधी उभे. नंबर आला की जमादार विचारायचा, "हत्यार?"

"रिव्हॉल्व्हर. मॅग्नम."

"ठेवा टेबलावर."

"घेतलं न्हाई अजून. नळी ठरायचीय."

"मग इथं काय करून राहिलाव, आप्पा?"

"घेतलं असतं तर जमाच केलं असतं की. तशी नोंद करा आन् पावती द्या."

आणि पावती घेतल्याशिवाय ते हलायचे नाहीत. 'हत्यार निरंक' अशी सहीशिक्क्याची पावती असलेला माणूस मी उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा. आमचं गाव मुखेडकडचं. आमच्या सगळ्या भावकीत बी.ए. झालेला मी पहिला, हे मी तेव्हाही सांगायचो आणि आताही सांगतो. नव्या कलेक्टर कचेरीत मला शस्त्र परवान्याचं टेबल मिळालं. कचेरी नवी, पण कागद जुनेच. छापील फॉर्मवरचं 'उस्मानाबाद' पेनानं खोडून वर 'लातूर' लिहायचं, हे माझं पहिलं सरकारी काम. त्यात दुष्काळ. सगळी कचेरी टँकर, रोजगार हमी आणि चारा छावण्यांच्या फायलींत बुडालेली. माझ्या टेबलाकडं कुणी फिरकत नसे. फिरकायचे ते आप्पा.

त्यांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला होता. परवाना मिळाला की ठरलेल्या मुदतीत हत्यार विकत घ्यावं लागतं, नाही तर परवाना रद्द. आप्पा प्रत्येक मुदत संपताना एस.टी.नं लातूरला येत आणि मुदतवाढीचा अर्ज देत. अर्जात कारण एकच, 'नळीची लांबी निश्चित होत नाही.'

हैदराबादच्या कुठल्याशा दुकानदाराकडून त्यांनी एक विलायती कॅटलॉग मिळवला होता. इंग्रजी. तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडं.

"वाचा, बीए सायब. तीनशे सत्तावन बोअरचं का चव्वेचाळीस?"

"चव्वेचाळीसचा धक्का लई मोठा, आप्पा. अस्वलाच्या शिकारीला म्हणून छापलंय."

"अस्वल न्हाई उदगिरात. पाव्हणे हायत. फुडं."

"तीनशे सत्तावन बरं. नळी चार इंची घेतली तर कमरेला सोपी पडते. सहा इंची घेतली तर नेम चांगला, पण वजन वाढतं. अडीच इंची खिशात मावते, पण आवाज आणि जाळ फार."

"सगळ्यात कमी आवाज कुणाचा?"

"मॅग्नम म्हटल्यावर आवाज होणारच की."

"साकू," म्हणायचे. पुरे. त्यांच्या घरी कानडी बोलत. "घाई कराची न्हाई. लोखंड हाय ते, भाजीपाला न्हाई." कॅटलॉग पिशवीत जायचा आणि अर्ज माझ्या टेबलावर यायचा.

नुसतं वाचून भागेना, तेव्हा त्यांनी सुताराकडून बाभळीची चार रिव्हॉल्व्हरं करून घेतली. अडीच, चार, सहा आणि आठ इंची. कॅटलॉगात जेवढं वजन, तेवढं शिसं मुठीत ओतलेलं. मग एकेक आठवडा एकेक वापरून पाहणं सुरू झालं. आप्पांचं बाजारात दोरखंडाचं दुकान. अडीच इंची होतं त्या आठवड्यात नाडा मोजायला वाकले, ते सदऱ्याच्या खिशातून निसटलं आणि गिऱ्हाइकाच्या अंगठ्यावर पडलं. सहा इंची धोतराच्या कमरेला खोचून एस.टी.त बसले, तर शेजारच्या बाईनं कंडक्टरला हाक मारली, "ओ मास्तर, ह्या बाबाकडं लाटणं हाय, माझ्या बरगडीत घुसून राहिलंय. त्याला उठवा." आठ इंचीबद्दल आप्पा कधी बोलले नाहीत.

दुष्काळात त्यांचं दुकान चालत होतं, कारण विहिरींचं पाणी खाली खाली चाललं होतं आणि लोकांना लांब दोर लागत होते. "हिरीबी आठ इंची झाल्या सायब," ते म्हणायचे. पण दोर मोजताना दर गिऱ्हाइकाला दोन हात जास्त सोडायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आज मोजून नेला तर पुढच्या म्हैन्यात गाठ मारावी लागती. भिजली की गाठ दगा देती."

असा हा प्रकार दोन-तीन वर्षं चालला. मग आम्हाला नवे साहेब आले. त्यांनी आप्पांची फाईल उघडली, आठ अर्ज वाचले आणि मला बोलावलं. "लोकांना प्यायला पाणी नाही आणि हा माणूस नळीची लांबी मोजतोय? एक महिन्यात खरेदी करा, नाही तर परवाना जमा करा, अशी नोटीस काढा. शेवटची." मी शनिवारी गावाकडं जाताना उदगिरावरूनच जातो, हे त्यांना ठाऊक होतं. नोटीस माझ्याच हाती दिली.

दुकान बंद होतं, म्हणून घरी गेलो. आप्पा बाहेर गेले होते. त्यांची बायको, गंगव्वा, ज्वारी निवडत बसली होती. मी कचेरीतला, एवढं कळल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुम्हीच का ते? तुमचं नाव निघतं रोज. बसा." आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवून हळूच म्हणाली, "सायब, कागद पक्का हाय न्हवं?"

तिचं अंथरूण भिंतीकडेला गुंडाळलेलं होतं. त्याच्या बरोबर वर खिळ्याला खणाचा बटवा टांगला होता, त्यावर विभूतीची बोटं. परवान्याची वही त्यात होती. माझ्याकडं येणाऱ्या त्या वहीच्या पानापानाला विभूती का लागलेली असते, ते मला तेव्हा समजलं.

"निजाम जाता जाता जी धामधूम झाली ना," गंगव्वा म्हणाली, "तवा मी एवढीशी होते. म्हायेरच्या दारात बंदूक वाजली. माझा थोरला भाऊ उंबऱ्यावरच गेला. तवापासून मला झोप न्हाई. दाराला पाठ लावून बसायची. लग्न झालं तरी तसंच. मग ह्यांनी ही वही आणली. म्हणले, सरकारनं आपल्याला हत्यार दिलंय, आता दाराला कोण हात लावतंय. त्या दिवसापासून झोपते मी."

"आणि हत्यार आणलं तर?"

"नका आणू देऊ, सायब." तिनं सूप परत पुढ्यात ओढलं. "फटाका वाजला तरी माझा जीव जातो. ते घरात आलं तर मी घरात ऱ्हाणार न्हाई. वही ऱ्हाऊ द्या फक्त."

आप्पा आले. त्यांनी माझ्या हातातली नोटीस पाहिली, बायकोकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "चला, स्टँडवर सोडतो." वाटेत मी नोटीस वाचून दाखवली. साहेबांशी मी बोलून पाहतो म्हणालो. ते नुसते म्हणाले, "बघा."

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईला झोप यावी म्हणून परवाना देता येतो, असं नियमात कुठं आहे ते दाखवा." नियम मी बी.ए. असूनही शोधून काढू शकलो नाही, कारण तो नव्हताच.

महिना संपायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी आप्पा कचेरीत आले. डोळे लाल झालेले. त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली.

"घ्या जमा करून."

"गंगव्वांना काय सांगितलंत?"

"काही न्हाई. बटव्यात पोस्टाचं बचतीचं जुनं पुस्तक घातलंय. तराजूत घालून बघितलं, वजन सारखं हाय. तिला वाचता येत न्हाई. आठ दिस झाले पुस्तक घालून. ती झोपती. पक्कं झाल्यावरच वही घेऊन आलो."

"पण आप्पा, खरंच कुणी दाराशी आलं तर?"

"मी हाय की जागा." ते खुर्चीत टेकले. "इतकी वर्सं त्या वहीच्या भरवशावर मीबी झोपून राहिलो. आता माझी पाळी."

परवाना जमा केल्याची पोच द्यायला मी खडखडणाऱ्या टाईपयंत्रात कागद चढवला, तारीख टाईप केली आणि वर पाहिलं. आप्पांची मान छातीवर आली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि हातातली पिशवी घसरत चालली होती.

मी यंत्रातून कागद काढला आणि उरलेली पोच हातानं लिहिली.