नानामामाच्या खेळांची तोंडं

माझ्या नानामामाच्या कॉम्प्युटरवर सापाचा एक खेळ होता, आणि त्या सापाला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिश्या होत्या.

खेळ सुरू केला की साप साधाच असे. मिश्या होत्या त्या बाहेरच्या चित्राला, म्हणजे ज्यावर क्लिक केलं की खेळ उघडतो त्या बोटाच्या पेराएवढ्या आयकॉनला. एका सीडीत ढीगभर खेळ मिळायचे ते दिवस. ते सगळे खेळ मामाने एका जागी भरून ठेवले, त्यांचे मूळचे आयकॉन काढून टाकले आणि स्वतः काढलेली चित्रं तिथे बसवली. खालची नावंही पुसली. का, असं विचारलं तर म्हणायचा, "अक्षराला तोंड नसतं, चिमे. आधी तोंड बघावं, मग आत जावं."

आणि हा गृहस्थ स्वतः एकही खेळ खेळत नव्हता.

मामाची उभी नोकरी पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढण्यात गेली. रिटायर झाल्यावर तो हात गप्प बसेना. सकाळी चहा झाला की कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि माउसने एकेक ठिपका भरायचा. काम रंगात आलं की जीभ बाहेर यायची. बॉम्ब शोधायच्या खेळाला त्याने सुतळी बॉम्ब काढला होता. मोटारींच्या शर्यतीला कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याची रिक्षा, तिच्या फाटक्या टपासकट. रंगीत गोळे फोडायच्या खेळाला द्राक्षांचा घड. तो खेळ मामीचा. दुपारी ती तो खेळत बसायची.

इथवर कौतुक करण्यासारखं होतं. पण एकदा सेक्रेटरी मोरेसाहेब गच्चीची किल्ली मागायला आले आणि त्यांना स्वतःच्या मिश्या दिसल्या.

"हे काय हो, नाना?"

"नाग म्हणजे देवता, साहेब," मामा शांतपणे म्हणाला. "सगळ्यांना नाही असा मान मिळत."

मोरेसाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे आणि मामाची भाची म्हणूनच ओळखली जायचे. त्याचे प्रताप माझ्याच खात्यावर पडायचे.

माझीही सुटका नव्हतीच. ससा उड्या मारतो त्या खेळाला मामाने माझं तोंड काढलं होतं. माझे पुढचे दोन दात जरा पुढे आहेत. त्याच्या चित्रात ते हनुवटीपर्यंत आले होते. माझ्या सासूबाईंनी ते बघितलं आणि "अगं बाई, हुबेहूब!" म्हणून टाळी वाजवली. मी मामाला हात जोडले, दात कमी कर म्हटलं. "मग ससा कसा कळणार?" म्हणाला.

पुढे हे वेड कॉम्प्युटरमधून घरभर पसरलं. मिठाच्या डब्यावर समुद्र, तिखटाच्या डब्यावर लाल जीभ. फोनच्या वर भिंतीवर सगळ्या नातेवाइकांची तोंडं आणि पुढे नुसते नंबर. पेपर त्याने बंद केला. "बातम्या वाचून डोकं उठतं." हॉटेलात गेलो की मामीच्या हातातलं मेनूकार्ड काढून घ्यायचा आणि माझ्या सासरच्या माणसांदेखत सांगायचा, "हिला काय विचारायचंय? दोन मिसळ." मामी मुकाट मिसळ खायची. मला मान वर करवत नसे. हौशी मामा चारचौघांत इतका हेकट का वागतो, ते कळत नव्हतं.

आणि मामी कोण, तर शाळेतली बाई. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना तिनेच वाचायला शिकवलेलं. दुकानाच्या पाटीवर काना चुकलेला दिसला तर दुकानदाराला बाहेर बोलावणारी. आदल्या दिवाळीत तिला चक्कर आली, दवाखान्यात ठेवलं होतं. घरी आली ती ठणठणीत. फक्त शाळा सोडली. "पुरे झालं गं खडू-फळा," म्हणाली. आम्हालाही ते पटलं.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मामीकडे होतं. बायकांना मामीइतकीच मोरेसाहेबांच्या मिश्यांची ओढ होती. नेमका त्याच दुपारी मामा वाण आणायला मेनरोडला गेलेला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला म्हणून त्याने माणूस बोलावून ठेवला होता. तो माणूस आला, सगळं पुसून नव्याने भरून देऊन गेला. मामीने त्याला चहासुद्धा दिला. सगळं म्हणजे किती, हे आम्हाला कुणाला ठाऊक?

"बाई, त्या मिश्या दाखवा ना," निमकरांची सून वैशाली म्हणाली. ती मामीची जुनी विद्यार्थिनी.

मामी कौतुकाने खुर्चीवर बसली. पडदा उजळला. ना साप, ना रिक्षा, ना द्राक्षं. कंपनीचे मूळचे आयकॉन ओळीने उभे होते आणि खाली इंग्रजी नावं.

मामीचा हात माउसवर थांबला.

"अहो बाई, नावं आहेत की खाली," वैशाली हसत म्हणाली. "वाचा आणि उघडा. एबीसीडी तर आम्हाला तुम्हीच शिकवलीत!"

बायका हसल्या. मीही हसले. मामीच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात मामा दारात आला. हातात वाणाची पिशवी. त्याने पडद्याकडे बघितलं, मामीकडे बघितलं आणि पिशवी दाणकन खाली ठेवली.

"कुणी हात लावायला सांगितला तुला? हजारदा सांगितलंय, माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून! ऊठ आधी!"

बायको मास्तरीण आहे याचा ज्याला केवढा अभिमान, तो माणूस भरल्या हळदीकुंकवात तिच्यावर ओरडत होता. मामी उठून आत गेली. बायकांनी वाण घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला आणि जिन्यात पोचायच्या आत बोलायला लागल्या. वैशालीने जाताना माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. "मामी, तू ऐकून कसं घेतेस? मी बोलते त्याच्याशी. लाज कशी नाही वाटत त्याला?"

मामीने दार लोटलं.

"त्याला एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही गं."

मला कळेना.

"ती चक्कर आली तेव्हापासून. डोळे चांगले आहेत. लिही म्हणशील तर लिहीन, पण माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही. अक्षरं समोर दिसतात. सगळी जन्माची ओळखीची, पण एक ओळख देईल तर शपथ. आकडे तेवढे कळतात." तिने तिखटाचा डबा उगाच फडक्याने पुसला. "लोकांना कळलं तर मी घराबाहेर तोंड दाखवणार नाही, असं मीच म्हटलं होतं त्याला. तो म्हणाला, नाही कळणार. येडा म्हणून मला ओळखू देत."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. डब्यावरचा समुद्र, डब्यावरची जीभ, भिंतीवरची तोंडं. हे सगळं मी गेलं वर्षभर बघत होते आणि मान खाली घालत होते. खरी लाज काय असते, ते मला आत्ता कळत होतं.

बाहेर आले. मामा कॉम्प्युटरपुढे बसला होता. टोपीसुद्धा काढली नव्हती. द्राक्षांचा घड भरून झाला होता. आता दुसऱ्या चौकोनात दोन लांब कान उभे राहत होते, आणि त्याची जीभ बाहेर आली होती.

"फार तोडून बोललो का गं तिला?" माझ्याकडे न बघता त्याने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. ते त्याला दिसलं नसणार.

"बरं, ते जाऊ दे. चिमे, तू मागे म्हणाली होतीस." माउस पडद्यावर घुटमळला. "या खेपेला दात कमी करू का?"

"नको, मामा," मी म्हटलं. "होते तसेच काढ. मामीला ओळखू आले पाहिजेत."