ब्रीडाबाईंचा खड्डा

हे मी लिहिणारच नव्हतो. पण ओरान म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर मी लिहीन." त्याने लिहिणं म्हणजे माझी धिंडच! म्हणून बसलोय टाइप करत.

मी आणि ओरान कौन्सिलच्या रस्त्याच्या कामावर. तो गाडी चालवतो, मी फावडं. आणि खड्डा बुजवण्यात अख्ख्या काउंटीत माझा हात कोणी धरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

जुलैत 'नीटनेटकं गाव' स्पर्धेचा परीक्षक येतो. कोण, कधी, कुणालाच ठाऊक नाही. गुपचूप येतो, गुपचूप जातो. गेल्या वर्षी आमच्या क्नॉकलाराचं पदक दोन गुणांनी हुकलं, आणि शेजारचं ड्रमसाला वर्षभर आमच्याकडे बघून नुसतं खोकत होतं! समितीच्या अध्यक्ष ब्रीडाबाई एक्क्याऐंशीच्या. "पदक बघेन, मगच खुर्ची सोडेन," म्हणतात.

म्हटलं, आपणच आणू पदक! शनिवारी, सुट्टी असून, सकाळी सहाला पोस्टासमोरचा मोठा खड्डा बुजवला. आत कुणीतरी फुलझाडं टाकलेली, ती उचलून हातगाडीत ठेवली. वर डांबर. लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा गाल असतो ना, तसा गुळगुळीत!

तेवढ्यात ब्रीडाबाई आल्या. काठी टेकून उभ्या.

"फिअक्रा, माझा खड्डा कुठाय?"

"बुजवला!" मी छाती फुगवून.

"अरे मेल्या! कौन्सिलला लाज वाटावी म्हणून मी त्यात जिरेनियम लावलेली. लाज कुणालाच वाटली नाही, पण गेल्या वर्षी परीक्षकाने लिहिलं, 'पोस्टासमोरची खोलगट फुलबाग अप्रतिम!' तीन गुण होते रे त्याचे. तीन!"

मी फावडं पुन्हा उचललं. "परत खोदतो, ब्रीडाबाई."

"मग उभा काय राहिलास?"

ओरानला फोन केला. तो हसत हसतच आला. मी पहार घातली आणि... फस्सक! पाइप फुटला! कारंजं थेट पोस्टाच्या छपरावर! आणि त्याखाली वही घेतलेला एक अनोळखी माणूस, नखशिखांत ओला.

"परीक्षक!" ब्रीडाबाई कुजबुजल्या.

आम्ही त्याला उचलूनच पोस्टात नेलं. चहा, स्कोन, वर ब्रीडाबाईंची स्वतःची शाल! तिसरा स्कोन संपवून तो म्हणाला, "बाई, मी पाणीवाला. इथल्या गळक्या पाइपची तक्रार होती ना? मार्चमधली?"

हात्तिच्या! म्हणून तो खड्डा सारखा पडायचा. आणि म्हणूनच ती फुलं अशी फोफावायची!

त्याने पाणी बंद केलं, पाइप जोडला. गाव जमलं. आधी पोट धरून हसलं, मग बाह्या सरसावून झाडं पुन्हा लावू लागलं. मी डोक्यापासून पायापर्यंत चिखल. फावडं मांडीवर घेऊन कडेला बसलो. पापणी हलवायचीही ताकद नव्हती.

सप्टेंबरात निकाल. पदक! कांस्य, पण पदक! ब्रीडाबाई ते गळ्यात घालून चर्चला गेल्या आणि खुर्ची ओरानला दिली. नव्या अध्यक्षांनी भर सभेत अहवाल वाचला. "फुलबाग, तीन गुण. शेजारी बसवलेला दमलेल्या मजुराचा मातीचा पुतळा हुबेहूब. चेहऱ्यावरचा मठ्ठपणा तर विशेष साधलाय. दोन गुण."

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं.

आता ओरानला शब्द दिलाय. पुढच्या जुलैत रोज सकाळी चिखल फासून तिथेच बसेन. शिंक आली तरी दाबेन.