दोन साळींचा विवाह आणि सुंदराबाईंचे बरड रान

श्रीकुलस्वामिनीचे चरणी दंडवत. श्रोते हो, जवळ सरा, मांडीस मांडी लावून बसा. पोट भरेल ऐसी कथा सांगतो. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथ नाम संवत्सरी एका राज्यात महाराजांनी आज्ञा केली की, पांढऱ्या लवणी, म्हणजे रासायनिक, खताने भूमी करपली, सबब यापुढे शेणखत व पाला यांजवरच पीक घ्यावे. रयतेने आज्ञा मानिली, परंतु शेतोशेतीची ठेंगणी साळ, म्हणजे बुटके भात, लवणावरच पोसलेली, ती उपाशी राहिली आणि तणाने गिळिली. मग राज्याचे बियाणे सांभाळणारे बीजनीस विसाजीपंत जुनी काळसाळ शोधीत निघाले. ती उंच, तणास न डरणारी, मात्र वारा सुटला की लोळण घेणारी. सर्वांनी टाकिली होती. एक सुंदराबाई नावाची शेतकरीण तेवढी देवीच्या नैवेद्यापुरती दरसाल पेरून राखीत होती. तिने ओंजळभर बी दिले आणि पंतांनी ठेंगणीच्या फुलांतील नरभाग चिमट्याने काढून, वरी काळसाळीचा पराग शिंपून, कागदाची टोपी घालून विवाह लाविला. संतती जाहली ती राजवाड्याच्या बागेत लाडाने वाढविली, तीनदा तण काढून निंदिली, भरल्या लोंब्या निवडिल्या आणि गावोगाव धाडिल्या. तो पहिल्याच पावसाळ्यात सारी तणात बुडाली.

महाराज कष्टी होऊन वदले, "पंत, रयत उपाशी ठेवून आज्ञा कशी राखू? आणखी चार पावसाळे देतो. नच साधले तर लवण आणवितो."

पंत खाली मान घालून सुंदराबाईकडे गेले. बाई हसली.

"पंत, सून नांदवायची माझ्या बरड रानात, नि पारख केलीत मेजवानीत! भरल्या ताटावर कोण गुणी दिसत नाही?"

"टोचा खुशाल, बाई. पण उपाय सांगा."

"बागेतली टाकाऊ म्हणालात ती भावंडंसुद्धा आणा. इथं पेरा. एकच निंदणी करीन. जगंल ती आपली."

कीर्तनी बुवा सांगतात की भक्ताची पारख संकटी होते. रोपाचीही तीच गत. मग तीन पावसाळे त्याच रानात पेरिले आणि तण दाबून उभी राहिली तेवढीच रोपे बियाण्यास राखिली. चौथ्या वर्षी आश्विनात तीन दिवस वारा घोंघावला. पंत अन्न टाकून देवापुढे बसले. वारा निमाला आणि बाईची हाक आली, "अहो पंत, जप पुरे! उभी आहे, उभी!" पंत धावले. लोंब्या वाकलेल्या, बुडखे ताठ, तण सावलीत खुरटलेले. पंत चिखलातच बसले, आधी रडले आणि मग हसत सुटले. महाराजांनी मुदत सरत आली म्हणून मागविलेल्या लवणाच्या गाड्या वेशीवरून माघारी फिरविल्या आणि अवघ्या राज्याने सुटकेचा निःश्वास टाकिला.

तात्पर्य, जेथे नांदणे तेथेच पारखणे. श्रोते हो, भाताचा पहिला घास उचलाल तेव्हा सुंदराबाईंचे स्मरण करावे, इतुकेच मागणे.