आधी ओळख, मग गोळी

आमच्या शेळगावचे किसनआबा मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळात पहिल्याच मिनिटाला मरत. कारण समोर शत्रू दिसला की ते बंदूक खाली करत आणि माइकवर विचारत, "राम राम. कुणाचा रं तू?"

शत्रू उत्तर देत नसे. गोळी घाली.

"बोलायची रीतच न्हाय पोरान्ला," आबा म्हणत आणि पुन्हा जिवंत होत.

पंचायत समितीची निवडणूक लागली होती. गावातली तरुण मतं नोकरीपायी पुण्याला आणि बारामतीला पांगलेली. सभेला ती येत नाहीत, म्हणून आमच्या उमेदवारानं त्यांच्यासाठी मोबाइलवर खेळाची स्पर्धा ठेवली. खेळता खेळता बोलायचं आणि मतदानाला गावी बोलवायचं. त्र्याहत्तर वर्षांच्या आबांनी हे काम हट्टानं मागून घेतलं.

खेळायला ते माझ्याकडे येत. त्याच वर्षी माझी पत्नी गेली होती. "तुमच्याकडं रेंज बरी हाय, गुरुजी," ते म्हणत. त्यांच्या घरी रेंज माझ्यापेक्षा चांगली होती.

"आबा, आधी गोळी घाला, मग विचारा," मी एकदा सुचवलं.

"आन् आपलाच पाव्हणा निघाला तर? तोंड कुठं दाखवू?"

तसा एक निघालाही. कळस गावच्या त्यांच्या मेव्हण्याचा नातू. आबांनी त्याच्या घरची म्हैस व्यायली का, याची चौकशी इतका वेळ केली की तिसऱ्यानंच येऊन दोघांना उडवलं. तो संवाद कुणीतरी टिपला आणि पोरांच्या फोनवरून पार पुण्यापर्यंत फिरवला.

हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. आबांची नात मयूरी असले खेळ खेळायची. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्यात परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. तिच्या वडिलांनी, सुरेशनं, घराचं दार बंद केलं आणि तिला फोन करायचीही सगळ्यांना बंदी घातली. मतदार यादी तपासायला माणसं आली तेव्हा सुरेश म्हणाला, "तिचं नाव काढा." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पोरगी जित्ती हाय."

एका दुपारी पडद्यावर एक शत्रू बंदूक खाली करून उभा राहिला. माइकवर नुसताच श्वास येत होता.

"राम राम. कोण हाय?"

"आबा, मी मयूरी."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि मग, "मतदानाला ये."

"दादा घरात घेतील?" तिनं वडिलांचं विचारलं.

"घराचं मला ठावं न्हाय. शाळंतल्या यादीत तुझं नाव हाय."

मतदानाच्या दिवशी ती आली. खोलीत आमच्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून आबाच बसले होते. विरोधी उमेदवाराच्या प्रतिनिधीनं हरकत घेतली, "ही हितं ऱ्हात न्हाय."

अधिकाऱ्यानं विचारलं, "यादीत नाव आहे. हिला कोण ओळखतं?"

सुरेश दारातल्या रांगेत उभा होता. मी त्याच्या मागं होतो. आबा खुर्चीला धरून उठले.

"आमच्या घरातली हाय," ते म्हणाले. "माझी नात." रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू गेलं.

बोटाला शाई लावून मयूरी बाहेर आली आणि वडिलांपाशी थांबली. सुरेशनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो फाटकाकडे बघत होता. तिथं तिचा नवरा मोटारसायकलपाशी उन्हात तापत उभा होता.

"त्या पाव्हण्याला सांग," सुरेश म्हणाला, "हितं ऊन हाय. घरी जाऊन सावलीला लाव म्हणावं गाडी."