रजेवरचा लाम

आमच्या मौलवीपंतांच्या अलिफ-बेमध्ये लाम नव्हता.

आता मोगलाईत शाळा म्हणजे उर्दूचीच. घरात मराठी बोला नाहीतर तेलुगू, पोराच्या पाटीवर पहिलं अक्षर उमटायचं ते अलिफ. निजाम सरकारच्या सगळ्या मुलखात पोरं घोकायची काफ, गाफ, लाम, मीम, म्हणजे आपले क, ग, ल, म. आमच्या बीडच्या मदरशात, पंतांच्या वर्गात, घोकायची काफ, गाफ, मीम. माझाच पोरगा पहिल्या दिवशी शहाणपणा करायला गेला. "पंत, मधला लाम कुठं गेला?" पंतांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "रजेवर हाय. येईल." हैदराबादेहून तपासनीस आले, त्यांनाही पंतांनी झुकून, अदबीनं हेच उत्तर दिलं. बढती तिथंच बुडाली. पोरांचं मात्र काही अडलं नाही. ती शेजारच्या वर्गातून लाम उसना आणायची.

सगळं गाव हसायचं. हसायला काय जातंय? आमच्या गावाला तेवढंच येतं.

पंतांचं खरं नाव दत्तोपंत. देशस्थ ब्राह्मण, पण फारसी अशी तोंडपाठ की खुद्द मौलवीसाहेब अडले की यांच्याकडं यायचे. म्हणून गावानं नाव पाडलं मौलवीपंत. खाली धोतर, वर शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल रुमी टोपी आणि टोपीखाली गाठ मारलेली शेंडी. माणूस सुपारीएवढा, पण आवाज असा की मदरशात हजेरी घेतली तर बाजारातले लोक "हजर" म्हणायचे.

या माणसाला एक वेड होतं सरहद्दीचं. नगर जिल्हा आम्हाला लागून. तिथून पुढं इंग्रजी राज्य. आमच्या सोयरिकी तिकडं, तिकडच्या इकडं. आमच्या लेखी सरहद्द म्हणजे एक ओढा. पंतांच्या लेखी ते दोन देश. त्यांची सासुरवाडी जामखेडची. तिकडं जाताना करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकात घ्यायच्या चौकीवर, पंत बैलगाडीतून उतरायचे आणि दोन्ही जोडे काढून खाडखाड झटकायचे. "निजाम सरकारची माती परमुलखात फुकट कावून न्यायची?" परत येताना पुन्हा झटकायचे. "इंग्रजाची माती आपल्याला नको." काकू कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, "यांच्या पायी माझं माहेर विलायतेला गेलं!"

दुसरं वेड फुटबॉलचं. हैदराबादेला मास्तरकी शिकायला गेलते, तिथं गोऱ्यांचा खेळ बघितला आणि येताना रबराचा एक फुगा घेऊन आले. त्यावर आमच्या चांभारानं कातडं शिवलं, हवा लोहाराच्या भात्यानं भरली. चेंडू झाला भोपळ्यासारखा. मारावा एकीकडं, जायचा भलतीकडं. पण पंतांनी आम्हा अकरा जणांना नदीकाठच्या मैदानावर उभं केलंच.

आता कुणी कुठं उभं राहायचं, याचे शब्द इंग्रजी. ते पंतांना चालेनात. मग त्यांनी आम्हाला अक्षरांची नावं दिली. मी काटकुळा आणि उंच, म्हणून उभ्या रेघेचा अलिफ; गोलात उभा. बे हे अक्षर आडवं पसरतं, म्हणून माझ्यापुढचे आडदांड दोघं बे. त्यात गंमत अशी, की पंत "ए बे!" म्हणून ओरडले की अकराच्या अकरा जण वळून बघायचे. आमच्याकडं बे म्हटल्याशिवाय गडी गड्याला हाक मारत नाही.

आणि लाम होता बिरू.

बिरू शेजारच्या पाली गावचा धनगर. नदीकाठी मेंढरं चारायचा. एकदा आमचा भोपळा त्याच्या कळपात शिरला, तर या पठ्ठ्यानं तो पायानंच हाकत, मेंढरांना न शिवता, असा बाहेर आणला की पंतांची टोपी हातात आली. "माशाल्ला!" म्हणाले आणि लगेच जानवं चाचपलं. त्याच दिवशी बिरूला संघात घेतला. पळायला असा, की त्याच्या मागं त्याची कुत्री दमायची. पण एकच खोड. सरळ पळत सुटला की वळायचाच नाही. मैदान संपायचं, रेषा संपायची, बिरू चेंडूसकट नदीत.

"अरे वळ की बे, बिऱ्या!"

"कावून वळू मास्तर? चेंडू तर सरळ चाललाय की."

पंतांनी काठी घेतली आणि धुळीत लाम काढला. वरून खाली सरळ रेघ आणि तळाला आतल्या अंगाला वळण. "हे बघ. हा लाम. कडेकडेनं सरळ जायचं, अन् शेवटाला आत वळायचं. वळला न्हाई तर तो लाम न्हाई, नुसती काठी हाय." बिरू उकिडवा बसून बराच वेळ त्या अक्षराकडं बघत राहिला. जन्मात तो तेवढं एकच अक्षर शिकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा लाम! तेव्हापासून खेळताना मैदानभर पंतांची एकच आरोळी. "बिऱ्या, लामावर जा! आता वळ बे, वळ!"

आता तुम्ही म्हणाल, लाम म्हणजे तर लढाई. बरोबर आहे. आमच्या मराठीत माणूस लढाईला गेला की लामावर गेला म्हणतात. पण तेव्हा आमच्या ध्यानीमनी नव्हतं. लढाई कुणी पाहिली होती?

त्याच उन्हाळ्यात आवई उठली, की विलायतेत लाम लागणार. बाजारात लोक मिठाच्या भावाबरोबर तेही बोलायचे. आणि ज्येष्ठात नगरच्या छावणीतून एक गोरा कप्तान आपले सोजीर घेऊन बीडला आला. तालुकदारसाहेबांचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कलेक्टराचा पाहुणा. काळवीट मारायला आलोय, म्हणे. संध्याकाळी करमेना म्हणून त्यानं निरोप धाडला, की एक दोस्ताना सामना होऊ द्या.

पंत दोन दिवस जेवले नाहीत. "मुलकाची इज्जत हाय! दोन देशांचा सामना हाय!" आम्हाला घसा फोडून सांगत होते. टोपीचा गोंडा काकूंकडून विंचरून घेतला.

सामन्याला सगळं बीड लोटलं. खुर्च्यांवर साहेबलोक, मागं रयत आणि कडेला मेंढरं घेऊन बिरूची आई. बाई विधवा, तिला हा एकच. गोऱ्यांच्या पायात बूट, आम्ही अनवाणी. शिट्टी कप्तानाची, घड्याळही कप्तानाचं, आणि खेळणारांतही तोच. आता बोला! पहिल्याच फेरीत आमच्या एका बेच्या नडगीवर बूट बसला. तो लंगडत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "असला दोस्ताना दुष्मनाला बी नको गा." एक गोल माझ्या काखेतून गेला. खोटं कशाला बोलू, मला चेंडू दिसलाच नाही.

शेवटाला चेंडू बिरूला मिळाला. कडेकडेनं सुटला. एक गोरा मागं पडला, दुसरा पडला. आणि कडेनं बाहेरून पंत धोतर वर धरून पळतायत, टोपी केव्हाच उडालेली, शेंडी सुटलेली. "लामावर जा बिऱ्या, लामावर जा! आता वळ! वळ बे!" बिरू वळला. असा वळला की गोऱ्यांचा गोलवाला उताणा पडला आणि चेंडू आत. कप्तानानं तत्क्षणी घड्याळ बघितलं आणि शिट्टी मारली. सामना बरोबरीत.

"इंग्रजाची बरोबरी केली!" पंत ज्याला त्याला मिठी मारत सुटले. चांभाराला मारली, तालुकदारांच्या पट्टेवाल्याला मारली. आयुष्यात त्यांना इतकं सुखी मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

कप्तान मात्र बिरूपाशी गेला. खाली वाकून त्यानं त्याच्या पोटऱ्या दाबून बघितल्या. बाजारात बैल बघतात, तशा. आम्ही तिकडं गोल मोजत नाचत होतो आणि हा माणूस पाय बघायला आलेला. मग म्हणाला, "शाबास. हमारा पलटन में खेलेगा? रोज फुटबॉल." आणि एका सोजिराचे बूट उतरवून बिरूच्या हातात दिले.

बिरूची आई पुढं आली. "मास्तर, लाम लागनार म्हनत्यात. मला भ्या वाटतंय."

"लागंल तिकडं विलायतेत, माय. ह्याला फकस्त चेंडू खेळायचाय. आपल्या मुलकाचा गडी परमुलखात खेळणार! माझी जबान हाय. बिनघोर ऱ्हा."

नाक्यापर्यंत पंत स्वतः गाडी घेऊन पोचवायला गेले. तिथं बिरूला म्हणाले, "बूट झटक बे." बिरू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, आपलीच माती हाय. सोबत हुईल." पंतांनी कधी नव्हे ते चालवून घेतलं.

नागपंचमीनंतर खरंच लाम लागला. नगरची पलटण आगगाडीत बसली, मुंबईला बोटीत बसली आणि गेली. कुठं, ते बीडात कुणालाच माहीत नव्हतं. त्या गोऱ्या राजांचं भांडण कशावरून, तेही नाही. लाम संपला तेव्हा तालुकदारांच्या बंगल्यावर आरास झाली, पेढे वाटले. कुणाकुणाला किताब मिळाले म्हणे. पालीला काही मिळालं नाही. बिरू मेला असंही कुणी सांगितलं नाही आणि जगला असंही नाही. पंत कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आले. तो तुमच्या मुलखाचा, असं इंग्रज म्हणे. तो तुमच्या पलटणीचा, असं आमचे म्हणत. मेला तर मेला, पण पोराला कुणी आपला म्हणायलाही तयार नाही! मुडदा बसवला तुमच्या दोस्तान्याचा. ज्या परमुलखाची माती पंत जोड्याला लागू देत नव्हते, त्याच्याही पलीकडच्या कुठल्या मातीत तो पडला असेल, देव जाणे.

मग एका बाजाराच्या दिवशी बिरूची आई मदरशात आली. पंत वर्गात गाफपर्यंत आले होते. म्हातारी दारातूनच बोलली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

"मास्तर, तुमी लामावर जा म्हनला, अन् त्यो गेला. समद्या गावानं ऐकलंय. आता तुमीच बोलवा. तुमी वरडला की वळतो त्यो. मी डोळ्यानं बगितलंय."

आता काय सांगावं या बाईला? तो लाम वेगळा, हा लाम वेगळा? शिकलेल्या माणसाला समजवायचं तर सोपं असतं. आणि खरं सांगू का, ती चुकली कुठं होती? पंतांनी खडू खाली ठेवला. वर्ग तसाच सोडून तिच्यामागं नदीकाठच्या मैदानावर गेले. टोपी काढून काखेत धरली आणि जामखेडच्या वाटेकडं तोंड करून ओरडले, "वळ बे बिऱ्या, वळ!"

म्हातारी जरा वेळ वाटेकडं बघत थांबली. म्हणाली, "लई लांब असंल. पुढल्या बाजारी येते."

त्यानंतर दर बाजारी हे चाललं. माझं दुकान मैदानाच्या तोंडाशी, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर. म्हातारी यायची, पंत ओरडायचे, ती वाट बघायची, मग मेंढरामागं जायची. गावातली टारगट पोरं पंतांमागं "वळ बे" म्हणून ओरडत फिरायची. पंत ऊन म्हणाले नाहीत, पाऊस म्हणाले नाहीत. ताप असला तर काकूंच्या खांद्याला धरून यायचे. आणि वर्गात लामाचं नाव त्या दिवसापासून काढलं नाही. एकदा त्या तोंडानं लामावर जा म्हटलं होतं, तेवढं पुरे होतं.

पुढं म्हातारी वारली. मला वाटलं, चला, सुटले पंत. तिच्यासाठीच चाललं होतं ना सगळं?

पुढच्या बाजारी गिऱ्हाईक नव्हतं, मी दारात उभा. पंत आले. एकटेच. टोपी काढली, काखेत धरली, वाटेकडं तोंड केलं. मी वाट बघतोय, आता ओरडतील. ओरडले नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"बिऱ्या, माय गेली बाबा. आता माझ्यासाठी तरी वळ."