दोन रिंगांचा दुप्पट बंदोबस्त

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या प्राण्यांकडे मोटारी होत्या. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथले प्राणी मोर्चा घेऊन येतात.

त्या जंगलात मुंगसांचं एक घराणं राहायचं. फार शूर घराणं. त्यांच्या कुणा खापरपणजोबांनी एकदा नाग मारला होता. त्यानंतर कुणी काहीच मारलं नव्हतं, पण एकदा मारला ना, मग झालं. खापरपणजोबांची तसबीर काढायची राहून गेली होती. म्हणून दिवाणखान्यात नागाचीच तसबीर लावली होती आणि तिलाच रोज हार घालत.

घराचे कर्ते नागमर्दनराव. त्यांचा मुलगा शूरसेन. शूरसेनाचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरीचं माहेरचं नाव भुरी. सासरी ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं, शौर्यलक्ष्मी. त्यामुळे कुणी हाक मारली की भुरी आधी मागे वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून.

भुरी बोलायची कमी आणि बघायची जास्त.

तिचे वडील काळू मिस्त्री. पलीकडच्या डोंगरावर ऐनाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज. लग्नात त्यांनी लेकीला गाडी दिली होती. जुनीच, पण चौदा वर्षं स्वतःच्या हातांनी जपलेली. इंजिन इतकं शांत, की चालू आहे का बंद ते बॉनेटवर हात ठेवून ओळखावं लागे. पाठवणीच्या वेळी सगळे रडले. सगळ्यांनी भुरीला सल्ले दिले. उलट बोलू नकोस, मोठ्याने हसू नकोस, पहिली पोळी स्वतःला वाढून घेऊ नकोस. काळू मिस्त्री एवढंच म्हणाले, "भुरे, बाकी तुझं तू बघशील. हिचं ऑइल तेवढं बघ."

सात महिने गेले. सासरच्यांनी गाडी मनसोक्त फिरवली. घराण्याची थोरवी चारचौघांना सांगायला फिरावं लागतंच.

मग अधिक महिना आला. नव्या जावयाला धोंडे खायला सासुरवाडीला बोलावतात, तसं काळू मिस्त्रींनी शूरसेनाला बोलावलं. नागमर्दनराव म्हणाले, "आम्ही दोघेही येऊ. जावयाचा मान म्हणजे आमचाच मान."

भुरीला सात महिन्यांनी माहेर दिसणार होतं. तिने बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर ओढली आणि पुसून पुन्हा बघितली. ऑइल डांबरासारखं काळं झालं होतं. ते बोटांत चोळून तिने वास घेतला. असं इंजिन वडिलांच्या दारात नेऊन उभं करायचं, या विचारानेच तिचे कान तापले.

जेवताना ती म्हणाली, "गाडीचं ऑइल बदलायला झालंय. फिल्टरही. मी बदलू का? तासाभराचं काम आहे."

सासूबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली.

"आमच्यात सुना गाडीखाली जात नाहीत," नागमर्दनराव म्हणाले.

मग तुमच्यात कोण जातं, असं भुरीने विचारलं नाही. नुसतं तिच्या मनात आलं.

"मी बदलतो!" शूरसेन म्हणाला. त्याने फोनवर एका घुबडाचा व्हिडिओ पाहिला होता. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. शूरसेनाने तो दुप्पट वेगाने पाहिला, म्हणजे साडेपाच मिनिटांत त्याला सगळा विषय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात समारंभ भरला. शूरसेनाने नवे हातमोजे घातले. शेजारचे बगळेकाका आले. हे काका दिवसभर एका पायावर उभे राहून लोकांची कामं बघत आणि चुका सांगत. दुसरा पाय त्यांनी स्वतःच्या कामासाठी राखून ठेवला होता, पण तशी वेळ कधी आली नव्हती.

"आधी जुनं ऑइल काढायचं का नवं भरायचं?" बगळेकाकांनी विचारलं.

"यावर दोन मतं आहेत," नागमर्दनराव म्हणाले.

दोन मतं नव्हती, मुलांनो. जगात यावर एकच मत आहे. पण नागमर्दनरावांच्या अंगणात कुठल्याही गोष्टीवर दोन मतं असत आणि दोन्ही त्यांचीच असत.

गाडी जॅकवर चढली. भुरीने गुपचूप मागच्या चाकांना दोन दगड लावले आणि चेसिसखाली लाकडी ओंडके सरकवले. नाहीतर गोष्ट इथेच संपली असती आणि शूरसेनाच्या तसबिरीलाही हार घालावा लागला असता. ऑइल धरायला भांडं हवं होतं. सासूबाईंनी पुरणाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, म्हणून भुरीच्या रुखवतातली परात आली. तिच्यावर भुरीच्या आईने नाव घालून घेतलं होतं.

शूरसेन खाली शिरला. त्याने पान्याने खालचा नट फिरवला आणि नटाच्या बरोबर खाली तोंड उघडून "निघाला!" असं ओरडला. ऑइल परातीत यायच्या आधी तिकडे गेलं.

"गरम आहे का रे?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

"चवीला जरा उग्र आहे," शूरसेन म्हणाला.

पुढे फिल्टर. तो काही केल्या निघेना. शूरसेनाने शिव्या दिल्या, नागमर्दनरावांनी नागाची गोष्ट सांगितली, बगळेकाकांनी पाय बदलायचा विचार केला आणि रद्द केला. शेवटी एकदाचा फिल्टर निघाला.

भुरीने तो हातात घेतला, उलटा केला आणि तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. फिल्टरच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. तिच्यामुळे ऑइल बाहेर येत नाही. या फिल्टरला रिंगच नव्हती. ती वर इंजिनला चिकटून राहिली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "जुनी रिंग वर राहिलीये. ती आधी काढा. नव्या फिल्टरला त्याची रिंग आहे. एकीवर एक बसवली तर दोन्ही सरकतात आणि सगळं ऑइल बाहेर येतं."

शूरसेनाने वर बघितलं. "हो बाबा, आहे खरी एक काळी रिंग. काढू का?"

नागमर्दनरावांनी डोळे मिटले. ते डोळे मिटत तेव्हा अख्खं घर श्वास रोखून बसे, कारण डोळे उघडले की निर्णय यायचा.

"राहू दे," ते म्हणाले. "मूळची आहे. जुन्याला हात लावायचा नाही, ही आपली पद्धत. आणि एका रिंगेने ऑइल थांबतं, तर दोन रिंगांनी किती थांबेल? बंदोबस्त दुप्पट झाला."

"वा!" बगळेकाका म्हणाले. "याला म्हणतात अनुभव."

"पण मामंजी," भुरी म्हणाली. आवाज थोडा चढला होता. "असं करून इंजिन जातं. मी पाहिलंय. आमच्या गॅरेजमध्ये..."

"शौर्यलक्ष्मी," सासूबाई म्हणाल्या, "चहा टाक. आणि माहेरचं गॅरेज किती वेळा काढशील? इथे मोठी माणसं बोलतायत."

भुरी आत गेली. तिने पाच कप चहा केला. आलं नको तेवढं ठेचलं.

ती बाहेर आली तेव्हा नवा फिल्टर बसला होता. नवं ऑइल भरून झालं होतं. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं आणि चाकापुढे नारळ फोडला. गाडी चालू केली. भुरी कप वाटता वाटता वाकली. गाडीखाली थेंब पडत होते, एकापाठोपाठ एक, मधाच्या रंगाचे.

"खाली काहीतरी गळतंय," ती म्हणाली.

"नारळाचं पाणी," बगळेकाका म्हणाले. त्यांनी खाली बघितलंही नाही.

"नारळाचं पाणी चिकट नसतं, काका."

"नारळ चांगला असला तर असतं," काका म्हणाले.

सगळे गाडीत बसले. पुढे बापलेक, मागे सासू-सून. गाडी निघाली. तिच्यामागे रस्त्यावर एक चकचकीत रेघ निघाली. बगळेकाकांनी ती पाहिली. त्यांना ती फार सरळ वाटली.

अर्ध्या घाटात लाल दिवा लागला. ऑइलच्या बुधल्याचं चित्र असतं ना, तो.

"थांबवा," भुरी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता इंजिन बंद करा. अजून वाचेल."

शूरसेनाने वडिलांकडे बघितलं. नागमर्दनरावांनी दिव्याकडे बघितलं.

"नवं ऑइल घातल्याची खूण आहे," ते म्हणाले. "गाडी आपल्याला कळवते आहे. चल पुढे."

मग इंजिनातून आवाज येऊ लागला. आधी टक्‌टक्‌, मग खट्‌खट्‌. चौदा वर्षं ज्या इंजिनाचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ते आता दार ठोठावल्यासारखं वाजत होतं. भुरीने मांडीवरच्या अनारशांच्या डब्यावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले. तिने एकदा पुढच्या सीटकडे हात नेला आणि मागे घेतला. सांगायचं ते ती तीनदा सांगून चुकली होती.

शेवटच्या वळणावर एक करकरीत किंकाळी फुटली आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुन्हा चालू करायला गेले, तर नुसतं टिक्‌.

जवळच एक रेडा चरत होता. त्याने गाडी ओढत ऐनाच्या झाडाखाली आणली. आत शूरसेन स्टिअरिंग धरून अशा थाटात बसला होता, जणू रेड्याला वळणं तोच शिकवतोय.

काळू मिस्त्री ओवाळायचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि ताट शेजारच्या दगडावर ठेवलं. ते सरळ खाली शिरले. बाहेर आले ते हातात फिल्टर घेऊन. दुसऱ्या हातात दोन रिंगा होत्या, एकमेकींत पिळवटलेल्या.

"कुणी बसवला?" त्यांनी विचारलं.

"मी स्वतः," शूरसेन म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

काळू मिस्त्रींनी लेकीकडे बघितलं. "भुरे, तू होतीस ना तिथे? तुला दिसलं नाही?"

"दिसलं. सांगितलं."

"सांगितलं?" नागमर्दनराव पुढे आले. "अहो व्याही, हे काय सांगणं झालं? एवढी मोठी गोष्ट, आणि ही पुटपुटली. घरातल्या सुनेने अशा वेळी ओरडून सांगायला नको? काय शिकवलंत तुम्ही हिला?"

"आणि चहाही तिखट केला होता," सासूबाई म्हणाल्या.

काळू मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "पूर्ण खोलून बांधावं लागेल. माझे डोळे आता बारीक कामाला चालत नाहीत. दुसरा मिस्त्री शोधा."

"मी बांधते," भुरी म्हणाली. यावेळी ती पुटपुटली नाही. झाडावरची दोन पाखरं उडाली. "दोन महिने लागतील. तोवर गाडी इथे राहील. मीही."

"दोन महिने?" शूरसेन दचकला. "आणि आमच्या चहाचं?"

"घुबडाचा व्हिडिओ असेल," भुरी म्हणाली. "दुप्पट वेगाने बघा."

धोंडे खाऊन तिघे पायी घरी गेले. चार कोसांच्या वाटेवर नागमर्दनरावांनी दोष कोणाचा हे पक्कं केलं. पहिला नवीन ऑइलचा. दुसरा घाटाचा. तिसरा रेड्याचा. मग पुन्हा घाटाचा.

महिन्याभराने जंगलाच्या सभागृहात शूरसेनाचं व्याख्यान झालं. विषय: "माझं इंजिन, माझे हात". अध्यक्ष बगळेकाका. गर्दी एवढी की काही प्राण्यांना उभं राहावं लागलं. व्याख्यानानंतर सात जणांनी घरी जाऊन स्वतः ऑइल बदललं. दोन रिंगा घालून.

त्या सातही गाड्या भुरीकडे आल्या. तिने परत जायची तारीख पुढे ढकलली.

तात्पर्य: मुलांनो, इंजिन गेलं तर दोन महिन्यांत बांधता येतं. तेव्हा इंजिनाची चिंता करू नये. घरातल्या कर्त्या पुरुषाचं अज्ञान मात्र जिवापाड जपावं. ते एकदा गेलं, तर सभागृहात बोलायला उभं कोण राहणार?